रकाना पंधरावा

मी काळजी करणारा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी शाळेत शिकवतो; परीक्षा मुलांची असते आणि झोप माझी उडते. तेव्हा आमच्या नंदूनं मुंबईला स्वयंपाक शिकायला जायचं काढलं, त्या उन्हाळ्यात माझं काय झालं असेल याचा अंदाज कुणालाही करता येईल.

मुंबईची ती शाळा सरकारी होती. हॉटेल कसं चालवायचं, दोनशे माणसांचं जेवण कसं रांधायचं, हे तिथं तीन वर्षं शिकवायचे. तिची जाहिरात नंदूनं वर्तमानपत्रातून कापून ठेवली होती. आमच्या राज्यातून एक मुलगा घेणार, मुलाखत जूनमध्ये भोपाळला. एकच मुलगा. आणि आमचं राज्य म्हणजे आता केवढं! नव्या मध्य प्रदेशाला तेव्हा जेमतेम सात महिने झाले होते. तोवर आम्हा बऱ्हाणपूरवाल्यांचे सरकारी कागद नागपूरहून यायचे, आणि ते हिंदीत असत तसे मराठीतही असत. मग नागपूर गेलं मुंबई राज्यात, आम्ही राहिलो इकडे, आणि कागद भोपाळहून यायला लागले. त्यांच्यावरून मराठी गेली ती गेलीच.

नंदू म्हणजे नंदकुमार, माझा एकुलता एक मुलगा. वय एकोणीस, आदल्या वर्षी मॅट्रिक झालेला. हॉटेलचा आणि त्याचा संबंध म्हणाल तर एवढाच, की शाळेत जाता-येता तो दोन हॉटेलांवरून जायचा. आत पाऊल टाकायची आमच्या घरी पद्धत नव्हती. मी स्वतः उभ्या जन्मात हॉटेलातला चहा तोंडाला लावलेला नाही. अशा घरातला मुलगा हॉटेलच्या शाळेत मला घ्या म्हणून जाणार, आणि तिथं त्याच्या शेजारी उभी असणार हॉटेलवाल्यांची आणि हलवायांची मुलं.

स्वयंपाक मात्र त्याला येत होता. आता हे मी सहज सांगतो. तेव्हा सांगत नव्हतो.

चार वर्षांपूर्वी माझ्या बायकोला, शारदाला, संधिवातानं धरलं. बोटं अशी आखडली की हातात लाटणं ठरेना. दोन दिवस मी चुलीपुढे धडपडलो. दोन्ही दिवस घरात धूर झाला, आरडाओरडा झाला, पण शिजलं काहीच नाही. तिसऱ्या दिवशी नंदूनं माझ्या हातातून चिमटा काढून घेतला. शारदा बाजेवरून सांगायची आणि तो करायचा. वर्षभरात तिला सांगायची गरज उरली नाही. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, डुबूकवडे, जवळच्या बहादरपूरहून कुणी केळीचा कच्चा घड आणून टाकला तर त्याची भाजी, सगळं तोच करायचा. दोन्ही वेळा.

आणि मी काय केलं? मी गल्लीत सांगितलं की स्वयंपाकाला शेजारच्या सरुबाई येतात. सरुबाई रोज शारदाची वेणीफणी करायला यायच्या, त्यामुळे ते खपूनही गेलं. मिसरूड फुटलेला मुलगा घरी पोळ्या लाटतो, हे चारचौघांत सांगायची मला लाज वाटायची. नंदूलाही मी बजावून ठेवलं होतं, घरातलं बाहेर बोलायचं नाही. एकदा हेडमास्तर जेवायला आले. भरताला नावाजत होते, नंदू वाढत होता, आणि मी त्याच्यादेखत म्हणालो, "सरुबाईंच्या हाताला चव आहे." नंदूनं ऐकलं आणि हेडमास्तरांच्या ताटात अजून अर्धी भाकरी वाढली. त्याच्या तोंडावरची रेषही हलली नाही. माझी तरी कुठे हलली होती!

इकडे मी माझ्या ओळखीनं त्याच्यासाठी कापडगिरणीत कारकुनाची जागा ठरवली होती. सतरा जूनला, सोमवारी, हजर व्हायचं होतं. नंदू म्हणाला, "बाबा, भोपाळले नाही जमलं तर जातो मी गिरणीत. मग हा विषय पुन्हा काढनार नाही." तो एकदा बोलला की बोलला. पुन्हा काढणार नाही म्हणजे जन्मात काढणार नाही. म्हणजे जे काय होतं ते या एका मुलाखतीवर होतं. मला स्वतःला काय हवं होतं, हे विचाराल तर तेच मला कळत नव्हतं. गिरणी सोपी होती. पण गिरणीचं नाव निघालं की जेवता जेवता नंदूची मान खाली जायची, आणि ते मला बघवत नव्हतं.

हॉटेलचा अनुभव नाही, याचं काय करायचं? हा घोर लागला तो लागलाच. शेवटी एक दिवस मी आमच्या बऱ्हाणपुरातल्याच लालबागला गेलो. स्टेशनासमोर लोटूशेठचं चहा-भज्यांचं हॉटेल होतं. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात दोनदा नापास झाला होता, एवढीच आमची ओळख. मी पायरीखालीच उभा राहून म्हणालो, महिनाभर नंदूला ठेवून घ्या, पगार नको.

"मास्तर, आतमधी तर या," लोटूशेठ म्हणाले. "उभ्या उभ्या काय बोलून ऱ्हायले?"

"नको, इथंच बरं आहे."

"घ्या! तुमाले माह्या हाटेलात पाय ठेवाची लाज, अन् पोराले ठेवून घ्या म्हन्ता. कोन्या कामाले ठेवू? कपबशा धुवाले?"

बाकावरची चार गिऱ्हाइकं हसली. मी तिथून जो निघालो तो तडक घरी. लोटूशेठ वावगं काहीच बोलले नव्हते आणि त्याचाच मला जास्त राग आला.

शारदानं सगळं ऐकून घेतलं. "तुमी बी ना, उगाच जिवाले घोर लावून घेता," ती म्हणाली. "त्याले हाटेल येत नाही, म्हनून तर तो शिकाले चालला. येत असतं तर कायले गेला असता?"

मला पटलं. पण पटल्यानं काळजी जात असती तर काय हवं होतं?

मग फॉर्म आला. हिंदीत, बारीक टायपात, एकवीस रकाने. हिंदी आम्हाला परकी नाही. बऱ्हाणपूरच्या बाजारात निम्मा व्यवहार हिंदीतच चालतो आणि भांडण तर सगळंच. पण ही बाजारातली हिंदी नव्हती. ही कचेरीची नवी हिंदी होती, संस्कृत शब्दांनी ठासून भरलेली. ती पाहून नंदू बिचकला आणि मला उलट धीर आला. संस्कृत शब्द म्हणजे आपलेच शब्द! बावीस वर्षं मी मराठी व्याकरण शिकवतो, मला कोण अडवणार? शाळेतले हिंदीचे गुरुजी म्हणाले होते, "मास्टरजी, भेजने से पहले एक बार दिखा देना." मी "ज़रूर" म्हणालो आणि दाखवला नाही.

चौदाव्या रकान्यात होतं, "उपाहारगृह में कार्य का अनुभव". मी "नहीं" लिहिलं. खोटं लिहायचं नव्हतं. पंधराव्यात होतं, "पाककला का अभ्यास". मी विचार केला. नंदूनं पाककलेचा अभ्यास केला होता का? कुठल्या शाळेत? कुठलं पुस्तक वाचून? अभ्यास असा काही त्यानं केलेला नव्हता. मी वळणदार अक्षरात लिहिलं, "बिलकुल नहीं, परंतु प्रवेश मिलने पर मन लगाकर करेगा." ही ओळ मला फार आवडली. मुलगा प्रामाणिक आहे आणि कष्टाळूही आहे, हे एका वाक्यात आलं होतं. नंदूला वाचून दाखवली. तोही म्हणाला, "बराबर आहे."

भोपाळला आम्ही सकाळी उतरलो. सरुबाईंना दोन दिवस खरोखरच शारदाच्या जेवणाचं सांगून आलो होतो, तीही एक काळजी होतीच. ज्या कचेरीत मुलाखती होत्या तिथल्या लांब व्हरांड्यात कागदांच्या पेट्या अजून दोरखंडांनी बांधलेल्याच होत्या. कुठून कुठून आलेल्या त्या पेट्यांवरच मुलं आणि त्यांचे बाप बसले होते. मी मोजली, अकरा मुलं. एकाच्या बापाचं इंदूरला हॉटेल होतं. दुसऱ्याचा काका आगगाडीत जेवण पुरवायचा. जो तो आपापल्या मुलाचा अनुभव असा सांगत होता की माझ्या तोंडचं पाणी पळालं. नंदू शर्टाचं वरचं बटण सारखं लावत होता आणि काढत होता. मी त्याच्यावर खेकसलो, "एकदा काय ते ठरव!" त्यानं लावलं. मला लगेच वाईट वाटलं.

शिपायानं नंदूचं नाव पुकारलं. तो आत गेला आणि दार लागलं.

माझ्या शेजारी जबलपूरचे एक हलवाई बसले होते. जाडजूड, हसतमुख माणूस. घामानं डबडबलेले, पण काळजीचं नाव नाही. मी विचारलं, "आपके लड़के को होटल का अनुभव है?"

"अनुभव क्या, हमारी तो छोटी-सी दुकान है," ते म्हणाले. "पर लड़के को अभ्यास बहुत है, मास्टरजी. बचपन से अभ्यास है."

मी दचकलो. "पाकशास्त्र का अभ्यास? कौन-सी पाठशाला में?"

ते हसायला लागले. "पाठशाला? अरे, अभ्यास कोई पाठशाला में होता है? हाथ से होता है. रोज़ दस सेर मैदा गूँधता है लड़का!"

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. त्यांच्या भाषेत अभ्यास म्हणजे सराव. हात बसलेला असणं. पंधरावा रकाना विचारत होता, या मुलाचा स्वयंपाकात हात बसलाय का? एकवीस रकान्यांतला तो एकच रकाना माझ्या मुलाचा होता. त्या एकाच ठिकाणी त्याला छाती काढून "हो" म्हणता आलं असतं. आणि तिथं मी, व्याकरणाच्या मास्तरानं, "बिलकुल नहीं" लिहून ठेवलं होतं. हात तर बसलेला नाहीच, पण तुम्ही घेतलंत तर बसवील! साहेब लोक काय म्हणाले असतील? दार ठोठावावं का? ठोठावून काय सांगावं? मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. इतक्यात दार उघडलं आणि नंदू बाहेर आला. आत जाऊन त्याला पाच मिनिटंही झाली नव्हती.

"काय झालं?"

"काही नाही. त्यांनी विचारलं, अभ्यास नहीं है? मी म्हटलं, जी नहीं, घर में कौन कराता. तर हसले." तो खाली बघत बोलत होता. "मग म्हने, ठीक है, जाओ."

"घरी तू दोन्ही वेळचं रांधतोस, ते नाही सांगितलंस?"

"तुमीच म्हटलं होतं ना बाबा, घरातलं बाहेर बोलायचं नाही."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तसा असता तर बरं झालं असतं, मला चिडता आलं असतं. मी त्याला शब्दाचा घोटाळा सांगितला. त्यानं ऐकलं, दोनदा पापण्या मिटल्या आणि म्हणाला, "जाऊ द्या. आता काय होते? दुपारची गाडी भेटून जाईन. सोमवारी गिरणीत जायचंच आहे."

सोमवार हा शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. त्याच्यावर नाही, माझ्यावर. शिपाई "अरे अरे" करेपर्यंत मी दार ढकलून आत होतो.

आत टेबलामागे तिघं होते. मधोमध चष्मेवाले साहेब, एका बाजूला कारकून आणि दुसऱ्या बाजूला मुंबईच्या त्या शाळेतून आलेल्या एक बाई, पांढरं पातळ नेसलेल्या. साहेब म्हणाले, "आप कौन? बाहर बैठिए."

"साहब, मेरा भूल हुआ," मी म्हणालो. मेरा नाही, मेरी, हे माझं मलाच ऐकू आलं आणि मी आणखीच गडबडलो. "वह पंधरावा... पंद्रहवाँ कॉलम. अभ्यास हमारे में पढ़ाई को बोलते. लड़के ने नहीं लिखा. मैंने लिखा."

साहेबांनी फॉर्म वर काढला. "आप तो अध्यापक हैं. यहाँ लिखा है."

"जी."

"अध्यापक होकर अभ्यास का अर्थ नहीं जानते?"

कुणी तोंडात मारली असती तरी एवढं लागलं नसतं. वर्गात मी हाच प्रश्न याच सुरात शेकडो मुलांना विचारलेला आहे. मी फॉर्मवरच्या माझ्याच वळणदार अक्षराकडे बघत राहिलो. तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही मराठीत सांगा. मी यांना समजावते."

मी सांगितलं. बायकोची बोटं, नंदूचं पंधरावं वर्ष, दोन्ही वेळचा स्वयंपाक, चार वर्षं. बाई साहेबांना हिंदीत सांगत गेल्या. साहेबांनी चष्मा काढून पुसला. हर बाप यही कहेगा, ते म्हणाले. याची खात्री देणारं तुमच्या गावात कुणी आहे का? शेजारी, हेडमास्तर?

हेडमास्तर आमच्या घरी जेवले होते आणि मी त्यांना काय सांगितलं होतं, ते मला आठवत होतं.

"कुणीच नाही?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही. गावात मी सांगून ठेवलंय की शेजारीण करते."

"का बरं?"

"लाज वाटायची," मी म्हणालो.

"मग आता त्याला आमच्याकडे पाठवताना नाही वाटत?"

"वाटते," मी म्हणालो. खोटं सांगून पुन्हा कशात अडकायचं नव्हतं. "थोडी अजून वाटते. पण बाई, त्याच्या हातचं जेवण चांगलं असतं. फार चांगलं असतं. माझ्या आईच्या हातचंसुद्धा असं नव्हतं."

बाई माझ्या पाठीमागे बघत होत्या. मी वळलो. दार उघडंच राहिलं होतं आणि नंदू उंबऱ्यात उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"ये, आत ये," बाई त्याला म्हणाल्या. "तुला काय काय येतं ते मी विचारत नाही. तू बिघडवलंस काय, ते सांग."

नंदूनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"लई काही बिघडवलं," तो म्हणाला. "भाकरी फाटायची. मी थंड पान्यात पीठ मळत होतो, ते आईनं सांगितल्यावर कळलं. पन मिठा-तिखटाचं आईला बी सांगता येत नव्हतं. ती पथ्याचं खाते ना, आळणी. करता करता मला बी चव कळायची नाही, चाखनारे एकटे बाबा. अन् बाबा काही बोलायचेच नाहीत. करपलं तरी खायचे, खारट झालं तरी खायचे. ताटात काही टाकायचे नाहीत."

"मग तुला चूक कशी कळायची?"

"मी त्यांचं पानी मोजायचो. तिखट जास्त झालं की दोन पेले पानी प्यायचे. मीठ कमी पडलं की लोनच्याकडे हात जायचा. डाळ पातळ झाली की भाकरी कुस्करायचे नाहीत, बुडवून खायचे." तो थांबला. "अन् एकदम बराबर झालं की अर्धी भाकरी मागून घ्यायचे. बोलायचे नाहीत, पन मागून घ्यायचे. मग मी ते लक्षात ठेवायचो, त्या दिवशी काय कसं टाकलं होतं."

माझ्याच ताटाकडे बघून हा चार वर्षं शिकत होता, आणि मला वाटायचं, हा मुकाट्यानं वाढून बाजूला उभा राहतो. बाईंनी त्याचं सगळं बोलणं साहेबांना हिंदीत सांगितलं. पाण्याच्या पेल्यांपाशी साहेब हसले, पण ते हसणं वेगळं होतं.

"और होटल?" त्यांनी नंदूला विचारलं. "होटल में काम का तो कुछ भी अनुभव नहीं है."

"साहब, होटल तो मैंने अंदर से देखा ही नहीं," नंदू म्हणाला.

"वह हम दिखा देंगे," बाई म्हणाल्या.

साहेबांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि टाक दिला. लिहिलंय तुम्ही, तर सुधारायचंही तुम्हीच, असं म्हणाले. मी "बिलकुल नहीं" खोडलं. माझ्या त्या आवडत्या ओळीवरूनही रेघ मारली. वर लिहिलं, "चार वर्ष, प्रतिदिन दोनों समय", आणि सही केली. अक्षर गिचमिड आलं. अजून सहा मुलांच्या मुलाखती बाकी होत्या. निकाल दोनला लावू म्हणाले.

ते अडीच तास मी कसे काढले ते मलाच ठाऊक. जबलपूरच्या हलवायांचा मुलगा आत गेला आणि वीस मिनिटांनी हसत बाहेर आला. इंदूरवाला तर अर्धा तास आत होता. मी हिशेब मांडायचो, पुसायचो. नंदूला म्हणालो, काही खाऊन घे. तो म्हणाला, तुम्ही घ्या. दोघांनीही काही खाल्लं नाही. मधेच तो म्हणाला, "बाबा, तुमी आत का गेले? तुमाले किती बोलले ते."

"बोलू दे," मी म्हणालो. "मी पोरांना रोज बोलतो."

दोन वाजून गेल्यावर कारकून आला आणि त्यानं दारावर कागद लावला. सगळे धावले. मी पेटीवरच बसून राहिलो. गर्दीत नंदूची पाठ दिसत होती. ती पाठ बराच वेळ हलली नाही आणि माझी खात्री झाली की नाही लागलं. मग तो वळला. त्याचं तोंड इतकं भेदरलेलं होतं की मी विचारायच्या आत त्यानंच मान हलवली, वर-खाली. मी स्वतः जाऊन वाचलं. कागदावर एकच नाव होतं, नंदकुमार सुधाकर महाजन, बुरहानपुर. खाली लिहिलं होतं, एक जुलैला मुंबईत हजर व्हावं.

हलवाई माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बधाई हो, मास्टरजी!" त्यांच्या मुलाचं हुकलं होतं आणि ते मनापासून म्हणत होते. मी हसलो. आणि हसता हसताच दिवस मोजले. एक जुलैला फक्त सतरा दिवस होते. उन्हाळाभर मी एवढाच घोर लावून घेतला होता की याला जागा मिळेल की नाही. जागा मिळाली म्हणजे हा जाणार, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात त्या दारापाशी शिरली.

दुपारची गाडी मिळाली. डबा अर्धा रिकामा होता. आम्ही खिडकीशी समोरासमोर बसलो. इटारसी येईपर्यंत नंदू खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं, मुंबईचा विचार करत असेल. घरी आता चूल कोण पेटवणार, मला काय काय शिकावं लागणार, याची मी मनात उजळणी करत होतो. तेवढ्यात तो म्हणाला, "बाबा, एक विचारू?"

"विचार."

"ते तुमी आत बोलले, ते खरं होतं का सीट भेटावी म्हनून बोलले?"

"कुठलं?"

"आजीच्या हातचं बी असं नव्हतं म्हने."

"खरं होतं."

"मग घरी का नाही बोलले कधी?"

सबबी पुष्कळ होत्या. बावीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला सबबींची काय कमी! पण त्या दिवशी एकही काढली नाही.

"भीती वाटायची," मी म्हणालो. "चांगलं म्हटलं तर तू चुलीपाशीच राहशील, असं वाटायचं."

"अन् आता?"

"आता तू चाललास. आणि मला वाटतंय, रोज म्हणायला हवं होतं."

नंदूनं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं, लहानपणी पुसायचा तसं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. इंजिनाचा कोळसा डोळ्यात गेला म्हणून सांगता आलं असतं आणि ते खपलंही असतं. मी नाही सांगितलं. मुलासमोर रडलो.